निरोगी क्रमांक चार

“या, या, बघायला या! काकांनी आज साय दिलीय साय!”

निखतने परीक्षानळी खिडकीच्या उजेडात धरली आणि आम्ही सगळे हातातली कामं टाकून तिच्याभोवती जमलो. नळीच्या तळाशी लाल रक्त बसलं होतं, वर पिवळसर पाणी, आणि दोहोंच्या मध्ये पांढऱ्या पेशींचा थर. आमच्यापैकी कुणाचंही रक्त यंत्रात गरगर फिरवलं तर तो थर कागदाएवढा पातळ येई. आहे की नाही यावरून वाद व्हायचे. काकांचा थर मात्र जाडजूड, खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसणारा. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या.

वायंगणकरकाका कोपरात हात मुडपून, कापसाचा बोळा दाबून दाराशी उभे होते. “कुळीथ खावा,” ते म्हणाले. “नुसते नूडल्स खाता, मग रक्तात पाणीच निघणार.”

याला सोळा वर्षं झाली. तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते आणि विद्यापीठाच्या रक्तकर्करोगाच्या प्रयोगशाळेत पीएचडी करत होते. दर मंगळवारी सकाळी जवळच्या रुग्णालयातून बर्फाच्या डब्यात रुग्णांचं रक्त यायचं. त्याच दिवशी, त्याच यंत्रावर, एका धडधाकट माणसाचंही रक्त तपासावं लागे. नाहीतर रुग्णाच्या रक्तात वेगळं काय आहे ते ठरवणार कशावरून? असा धडधाकट माणूस दर मंगळवारी कुठून पैदा करायचा? म्हणून आम्हीच आळीपाळीने बाही वर सारायचो. नावं लिहायची नाहीत, फक्त क्रमांक. रुग्ण म्हणजे रु, निरोगी म्हणजे नि. मी, हेमांगी साळवेकर, नि-२. निखत मुजावर नि-५. आमचे तंत्रज्ञ बाबाजी वायंगणकर नि-४. रक्त देणाऱ्याला प्रयोगशाळेच्या प्रमुख बोकीलमॅडमच्या वतीने कॅन्टीनचा बटाटावडा आणि चहा मिळे.

आळीपाळी नावालाच होती. मंगळवार आला की कुणाची परीक्षा निघे, कुणाचा उपास, कुणाला सकाळपासून चक्कर. काका कधी नाही म्हणाले नाहीत. त्यात एप्रिलपासून त्यांच्या रक्ताला अशी काही बरकत आली होती की आम्हाला दुसऱ्या कुणाचं नकोच झालं. एका नळीत तीन प्रयोगांपुरत्या पेशी निघत.

सगळ्यात जास्त फायदा माझा होता. माझा पेपर दोनदा परत आला होता. तिसऱ्यांदा एका नियतकालिकाने अर्धवट होकार दिला. आणखी तीन रुग्ण, आणखी तीन निरोगी, आणि उत्तर दसऱ्याच्या आत. पेपर नाही तर पीएचडी नाही, हा मॅडमचा कायदा. शिष्यवृत्ती डिसेंबरात संपत होती. घरी वडील फोनवर दुसरं काही विचारतच नसत. “झालं का गं?” एवढंच. मला त्या तीन शब्दांनी झोपेतून जाग यायची.

गणपतीला काका वेंगुर्ल्याकडे आपल्या गावी गेले आणि बारा दिवसांनी आले ते अंगात सदरा लोंबत होता.

“काय काका, मोदक कमी पडले वाटतं यंदा?” मी म्हटलं.

“मोदक होते गो भरपूर. पोटच भरतं पटकन. दोन घास खाल्ले की झालं.” त्यांनी डावी बरगडी चोळली. “वय झालं, आणखी काय?”

मी त्यांच्या हाताला पट्टा बांधला आणि वीस मिली रक्त काढलं.

आमचं मोजणीचं यंत्र एकेक पेशी उजेडासमोरून सोडतं आणि पडद्यावर तिचा एक ठिपका उमटवतं. मग माणसाने माउसने ठिपक्यांभोवती कुंपण घालायचं. कुंपणाच्या आत येईल ते मोजायचं, बाहेरचं सोडून द्यायचं. मी मोजत होते बालपेशी, म्हणजे अजून तयार न झालेल्या पेशी. त्यांचं घर हाडांच्या आत. निरोगी माणसाच्या रक्तात त्या जवळजवळ सापडतच नाहीत, आमच्या रुग्णांच्या रक्तात ढिगाने सापडतात. आणि कुंपण कुठे घालायचं, ते निरोगी माणसाचे ठिपके बघूनच ठरवायचं, हा पहिल्या दिवशी शिकवला जाणारा नियम.

त्या मंगळवारी नि-४ च्या पडद्यावर, जिथे मोकळी जागा असायला हवी होती तिथे, ठिपक्यांचा घोळका होता.

माझा पहिला विचार, नळ्यांची अदलाबदल झाली. रुग्णाची नळी काकांच्या जागी गेली. मी कपाळाला हात लावला आणि छापील कागद घेऊन मॅडमच्या खोलीत गेले. डॉ. रत्नप्रभा बोकील चष्मा कपाळावर सारून काहीतरी वाचत होत्या. मी कोणाचं रक्त ते सांगितलं नाही; क्रमांक मोडायचे नाहीत हाही नियम होता.

“मॅडम, निरोगी नमुना विचित्र आलाय.”

त्यांनी कागदाकडे दोन सेकंद बघितलं. “निरोगी नमुना विचित्र येत नसतो, हेमांगी. निरोगी म्हणजे निरोगी. आकडा वेगळा आला तर हात तुझा चुकला. पेशींना लावायचा रंग जुना असेल, यंत्र नीट धुतलं नसेल. पुन्हा कर.”

“आणि पुन्हा तसंच आलं तर?”

“तर तिसऱ्यांदा कर. तीन आठवडे राहिलेत तुझे.”

माझा हात चुकला असावा असं मला फार वाटत होतं. मी यंत्र दोनदा धुतलं, नवीन रंगाची बाटली फोडली आणि डब्यात उरलेल्या काकांच्या रक्तातून स्वतः पहिल्यापासून सगळं केलं. दुपारी चारला पडद्यावर तोच घोळका होता. मग मी एप्रिलपासूनचे काकांचे सगळे नमुने काढून एकाखाली एक लावले. एप्रिलमध्ये पाच-सात ठिपके. मी ते कचरा म्हणून सोडून दिले होते. जूनमध्ये वीसेक. तेव्हा मी कुंपण थोडं वर सरकवलं होतं, सरकवल्याचं आठवतही होतं. जुलैत आणखी वर.

चार वर्षं मी ह्याच रोगावर काम करत होते. प्रयोगशाळेतली आठही माणसं ह्याच रोगावर काम करत होती. रुग्णाच्या नळीत जाड पांढरा थर दिसला की आम्ही म्हणायचो, आजार बळावलाय. काकांच्या नळीत दिसला की म्हणायचो, कुळीथ.

मी खुर्चीत बसले होते आणि मला काही वाटत नव्हतं. रडू आलं नाही, छातीत धडधडलं नाही. डोकं मात्र हिशेब करत होतं आणि तो अगदी बिनचूक होता. नि-४ आजारी, तर नि-४ चे अकरा नमुने बाद. अकरा नमुने बाद, तर पेपर बाद. त्याच्या पाठोपाठ दुसरा हिशेब. हा रोग सावकाश चालतो. वर्षं जातात. रोज एक गोळी घेतली की माणूस म्हातारपणापर्यंत सुखाने जगतो. पेपर पक्का होईपर्यंतच्या दीड महिन्याने असं काय आकाश कोसळणार आहे?

नोंदवहीत मी लिहिलं, ‘नि-४, यंत्रात बिघाड, नमुना बाद.’ खाली सही आणि तारीख.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी जिन्यात विचारलं, “जमलं का?”

“हो,” मी म्हटलं. “यंत्राचाच दोष होता.”

“बघ, मी म्हटलं नव्हतं?”

पुढच्या मंगळवारपासून मी निखतचं रक्त घ्यायला लागले. ती कुरकुरली. “अगं, काकांना का वगळलंस? माझ्यात काय आहे, दोन थेंब पांढरं निघतं कसंबसं.”

“परीक्षकांना वेगवेगळी माणसं हवीत,” मी ठोकून दिलं.

काकांनाही ते लागलं असावं. बाराच्या सुमाराला मी एकटी असताना ते माझ्या टेबलापाशी आले. “काय गो, आमचं रक्त नासलं की काय?”

“छे हो काका. तुम्हाला विश्रांती.”

“विश्रांती कसली? चमचाभर तर रक्त घेता.” ते खुर्चीवर टेकले. त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि पंखा डोक्यावर चालू होता. निखतसाठी आणलेल्या वड्यांतला एक तिने त्यांना दिला होता. त्यांनी त्याचा एक घास खाल्ला, बशी हातात धरून थोडा वेळ बसले आणि मग माझ्यापुढे सरकवली. “तू खा. मला नाही जात.”

पोट का भरतं ते मला माहीत होतं. पांथरी, म्हणजे प्लीहा, सुजून जठराला दाबते. आमच्या प्रत्येक रुग्णाच्या कागदावर लिहिलेलं असतं. मी तो वडा खाल्ला. अगदी शेवटपर्यंत खाल्ला, चटणीसकट.

सप्टेंबर संपता संपता निखतला तिच्या प्रयोगासाठी भरपूर पेशी लागल्या आणि ती काकांकडे गेली. तिचं काम निराळ्या पेशींवर होतं. मी बघत होते ते ठिपके तिच्या पडद्यावर यायचेच नाहीत. तिने नळी यंत्रातून काढली आणि उजेडात धरली. थर आता बोटाच्या पेराएवढा झाला होता.

“या खुदा,” ती म्हणाली. “हेमा, हे बघ! काका, तुम्ही माणूस आहात की दूधडेअरी?”

सगळे हसले. काकाही हसले. टाळ्या झाल्या. मी नाही वाजवल्या तर कुणाच्या तरी लक्षात येईल, असं मला वाटलं. मी वाजवल्या.

माझी उत्तरं दसऱ्याच्या आदल्या दिवशी गेली. दिवाळीच्या सुट्टीत, भाऊबीजेला, स्वीकारल्याचं पत्र आलं. वडिलांनी पेढे आणले आणि शेजाऱ्यांकडे स्वतः वाटून आले. मी त्यांच्याकडे बघत होते आणि मला कळत होतं की ह्या क्षणी आनंद व्हायला हवा. तो कुठेच सापडेना.

दिवाळीनंतरच्या पहिल्या मंगळवारी मी काकांना मागच्या शीतखोलीत नेलं, कारण तिथे कुणी येत नसे.

“काका, तुम्ही आज रुग्णालयात जा. रक्त तपासून घ्या.”

“का गो?”

“निखतने घेतलेला तुमचा नमुना थोडा उरला होता, गोठवून ठेवलेला. सहज यंत्रावर घातला.” वाक्य मी सकाळी बसमध्ये पाठ केलं होतं. “मला बरं दिसत नाहीये.”

काकांनी पंचवीस वर्षं ह्याच खोल्यांत काढली होती. काय बरं दिसत नाही, ते त्यांनी विचारलं नाही. ते एका बर्फाच्या डब्यावर बसले.

“कधी बघितलंस?”

“आज सकाळी.”

“बरं,” ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, “बरं.” मग उठले आणि जाताना सवयीने दिवा बंद केला. मी अंधारात उभी राहिले.

रोगाने तोवर कूस बदलली होती. सावकाश चालणारा रोग कधी कधी एकाएकी धावायला लागतो आणि मग ती रोजची गोळी त्याला आवरत नाही. तो कधी धावायला लागला, ते कुणी सांगू शकत नाही. मी डॉक्टरांना विचारलं, जणू अभ्यासासाठी विचारतेय अशा आवाजात, की दीड महिना आधी कळलं असतं तर? ते म्हणाले, कदाचित फरक पडला असता, कदाचित नसता. ह्या उत्तराने मला सोडलंही नाही आणि धरलंही नाही.

बोकीलमॅडमनी प्रयोगशाळेत सगळ्यांना एकत्र बोलावलं आणि माझी पाठ थोपटली. “हेमांगीने उरलेला नमुना फेकला नाही म्हणून कळलं. याला म्हणतात नजर.” निखत माझ्या गळ्यात पडून रडली. त्यानंतरच्या मंगळवारी रुग्णालयाच्या डब्यात एक नवीन नळी आली. रु-३१, पुरुष, वय बावन्न. मी निखतच्या ठिपक्यांवरून कुंपण घातलं आणि त्याचे ठिपके मोजले.

मी काकांना भेटायला गेले ते त्यांना दाखल करून तीन आठवडे झाल्यावर. आधी जायला हवं होतं, पाय निघाला नाही. दुपारची वेळ होती. काकी, म्हणजे त्यांची बायको सुलभा, उशाशी बसून मोसंबी सोलत होत्या. मला बघून त्या उठल्या आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

“ताई, तुम्ही होतात म्हणून कळलं हो. नाहीतर आम्हाला कोण सांगणार होतं?”

त्या माझ्यासाठी चहा आणायला खाली गेल्या. मी नको म्हणत होते तरी गेल्या.

काकांचे केस गेले होते. मोसंबीची एक फोड हातात धरून ते तिच्यावरचा पांढरा पापुद्रा काढत होते.

“यंत्र कधी बिघडलं होतं गो?” त्यांनी विचारलं.

“कुठलं यंत्र?”

“तुझंच. गणपतीनंतरच्या मंगळवारी. दुसऱ्या दिवशी मी नोंदवही चाळली होती, गावी होतो त्या बारा दिवसांची बघायची राहिली होती म्हणून. तुझ्या अक्षरात लिहिलंय, नि-४, यंत्रात बिघाड.” त्यांनी फोड तोंडात न घालता बशीत ठेवली. “यंत्र बिघडलं की कंपनीला फोन मी करतो. पंचवीस वर्षं मीच करतोय. मला कुणी सांगितलं नाही फोन करायला. तेव्हा म्हटलं, पोर विसरली असेल. इथे पडून पडून मग जुळत गेलं.”

बाहेर पॅसेजमध्ये स्ट्रेचरची चाकं वाजत गेली. माझे कान तापले होते. दोन महिन्यांत पहिल्यांदा माझ्या अंगाला काहीतरी जाणवलं.

“तेव्हाच कळलं होतं ना तुला?”

“हो.”

“पेपरासाठी?”

“हो.”

“म्हणजे चाळीसेक दिवस.”

“बेचाळीस,” मी म्हटलं.

“मोजलेस.” ते खिडकीकडे बघत राहिले. “झाला का मग? पेपर?”

“झाला. काका, मी मॅडमना सगळं सांगते. पेपर मागे घेते. काकींना आत्ता, त्या वर आल्या की—”

“तिला नाही सांगायचं.” आवाज चढला नव्हता, पण त्यांच्या मानेची शीर ताठ झाली. “मॅडमना काय सांगायचं ते तू बघ, तो तुझा धंदा आहे. हिला नाही. ही रोज सकाळी देवासमोर तुझं नाव घेते. ह्या सगळ्यात तिला एक माणूस चांगलं भेटलं असं तिला वाटतंय. तेवढं एकच आहे तिच्यापाशी. ते पण तू घेणार?”

“मग मी काय करू?”

“ती आभार मानील तेव्हा हो म्हणायचं. मुकाट्याने हो म्हणायचं.”

“मला नाही जमणार, काका.”

“जमेल. तुला जमतं.” त्यांनी डोळे मिटले. “आणि मी तुला माफ केलंय असं समजू नकोस हां. तेवढं बळ नाही माझ्यात आता.”

काकी चहा घेऊन आल्या. कपाच्या वर बशी झाकली होती, गार होऊ नये म्हणून. त्या परत म्हणाल्या, “खरंच ताई, देवासारख्या धावून आलात.” काकांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. मी हो म्हटलं.

काका पुढच्या श्रावणात गेले. मॅडमना मी सांगितलं नाही. सांगणार होते, आधी पीएचडी होऊ दे म्हटलं, मग नोकरी लागू दे म्हटलं, मग मॅडम निवृत्त झाल्या. पेपर अजून आहे. दुसरे लोक त्याचा दाखला देतात. त्यातल्या दुसऱ्या तक्त्यात निरोगी माणसांच्या रकान्यात वायंगणकरकाका आहेत. एप्रिल ते ऑगस्ट, अकरा वेळा.

काकी दर दिवाळीला फोन करतात. प्रकृती विचारतात, मुलाबाळांचं विचारतात आणि फोन ठेवण्याआधी तेच एक वाक्य म्हणतात. मी हो म्हणते. दोन मिनिटांचं काम आहे. आताशा तेही मी दुसरं काहीतरी करता करता उरकते.

गेल्या जूनमध्ये त्या न कळवता माझ्या कॉलेजात आल्या. मी आता तिथे विभागप्रमुख आहे. त्यांच्याबरोबर नात होती, नुकतीच बारावी झालेली, वेणी घातलेली, नजर अगदी काकांची. काकींनी तिला माझ्या पाया पडायला लावलं.

“सूक्ष्मजीवशास्त्र घ्यायचं म्हणते. मीच म्हटलं, मग तुमच्याच हाताखाली. लहानपणापासून तुमची गोष्ट सांगून वाढवलीय तिला.” त्यांनी पोरीच्या पाठीवर हात ठेवून तिला माझ्याकडे थोडं ढकललं. “हिला तुमच्यासारखी करा, ताई.”

पोरगी माझ्याकडे बघत होती. काकीही बघत होत्या.

“हो,” मी म्हटलं.